कराला संमती कोणाची?

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, वाचकांसाठी लिहून काढलेला)



आज मी आपणांपुढे कराविषयी बोलणार आहे. कराचे नाव काढले की आपले कार्यकर्ते अस्वस्थ होतात, याचा मला अनुभव आहे. "वकीलसाहेब, हक्कांविषयी बोला, हिशेबाच्या वह्या कशाला उघडता?" असे ते मला विचारतात. त्यांना माझे उत्तर एवढेच असते की, ज्याला आपले हक्क ओळखावयाचे आहेत त्याने हिशेबाची वही वाचावयास शिकले पाहिजे. राज्यकर्ते कोणाच्या खिशात हात घालतात आणि कोणाचा खिसा चुकवून पुढे जातात, हे त्या वहीत लिहिलेले असते. ते एखाद्या जाहीरनाम्यात सापडेलच असे नाही.

यासाठी मी एका शहराची हकीकत निवडली आहे. हे शहर अमेरिकेतील मिसुरी राज्यात, सेंट लुईस या मोठ्या शहराच्या उत्तरेस आहे. त्याचे नाव फर्ग्युसन. नाव ऐकताच आपणांस पुण्यातील महाविद्यालयाची आठवण होईल. परंतु त्याचा या गावाशी काही संबंध नाही. गाव लहान, वस्ती सुमारे 21 हजारांची, आणि तीपैकी दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. 5 एप्रिल 2016 रोजी या गावातील मतदारांपुढे दोन प्रश्न मतपत्रिकेवर छापून ठेवण्यात आले. पहिला प्रश्न असा की, शहरातील विक्रीवर अर्ध्या टक्क्याचा जादा विक्रीकर बसवावा काय? दुसरा प्रश्न असा की, घरजमिनीवरील मिळकतकर वाढवावा काय? होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यावयाचे होते. पहिल्याला मतदारांनी होकार दिला. दुसरा प्रस्ताव नामंजूर ठरला.

वरवर पाहता ही गोष्ट एवढीच आहे. परंतु हे दोन प्रश्न त्या मतपत्रिकेवर का आले, आणि त्यांपैकी एक पार पडून दुसरा का पडला, हे समजून घेतले तर कर, मत आणि न्याय यांचे नाते आपणांस उलगडेल.

प्रथम मत आणि कर यांचा जुना संबंध पाहू. एके काळी जो कर भरील त्यालाच मत, असा नियम होता. आपल्या देशात 1919 आणि 1935 च्या कायद्यांखालील मताधिकार मुख्यतः मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांवर आधारलेला होता. ज्याच्या नावे शेतसारा नाही, ज्याचे स्वतःचे घर नाही, त्याला मतही नाही. याचा अर्थ असा की, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या जमीन धारण करू दिली नाही, त्यालाच 'तुझ्या नावे जमीन नाही, म्हणून तुला मत नाही' असे सांगण्यात येत होते. 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला, आणि पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. ती मागणी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने मान्य केली.

अमेरिकेतही दक्षिणेकडील राज्यांत मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे. ती भरू न शकणाऱ्या गरिबांना, आणि त्यांतही विशेषतः कृष्णवर्णीयांना, मतपेटीपासून दूर ठेवण्याचे ते साधन होते. 1964 साली घटनेच्या चोविसाव्या दुरुस्तीने संघराज्याच्या निवडणुकांतील ही पट्टी रद्द झाली, आणि 1966 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या निवडणुकांतूनही ती काढून टाकली.

म्हणजे लढा कशासाठी होता? कराने मत ठरवू नये, तर मताने कर ठरवावा, यासाठी. या दृष्टीने पाहिले तर नवा कर बसविण्यापूर्वी नागरिकांचा प्रत्यक्ष कौल घेण्याची पद्धत ही लोकशाहीची परिपूर्ती वाटावी. 1978 साली कॅलिफोर्निया राज्यातील मतदारांनी मिळकतकरावर कडक मर्यादा घालणारा प्रस्ताव मंजूर केला, आणि तेव्हापासून करविरोधाची लाट देशभर पसरली. 1980 साली मिसुरी राज्याच्या घटनेतही दुरुस्ती झाली. ती हॅनकॉक दुरुस्ती या नावाने ओळखली जाते. तिच्यान्वये कोणत्याही शहराला तेथील मतदारांच्या बहुमताशिवाय नवा कर बसविता येत नाही, अथवा असलेला कर वाढविता येत नाही.

तत्त्व उत्तम आहे. मी त्याच्या विरुद्ध बोलणार नाही. परंतु आम्हा वकिलांना एक सवय असते. कायद्यात काय लिहिले आहे ते वाचल्यावर काय लिहिलेले नाही तेही आम्ही शोधतो. हॅनकॉक दुरुस्तीत कराला मत लागते. दंडाला मत लागत नाही. न्यायालयाने ठोठावलेला दंड हा कर नव्हे. म्हणून तो वाढवावयाचा झाल्यास कोणाही मतदारासमोर जाण्याचे कारण नाही. ज्या शहराला खर्च भागवावयाचा आहे, पण मतदारांपुढे जाऊन कर मागण्याची हिंमत अथवा इच्छा नाही, त्याच्यासाठी हा दरवाजा उघडा राहिला.

फर्ग्युसन शहर त्या दरवाजातून आत शिरले. 2015 च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने त्या शहराच्या पोलीस खात्याविषयी आणि नगर न्यायालयाविषयी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील आकडे पाहा. 2010 साली शहराच्या सर्वसाधारण निधीचे उत्पन्न सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर होते. त्यात दंड आणि न्यायालयीन शुल्काचा वाटा सुमारे 13 लाख 80 हजार डॉलरांचा. 2015 च्या अंदाजपत्रकात 1 कोटी 32 लाख 60 हजारांपैकी 30 लाख 90 हजार डॉलर दंडातून यावयाचे धरले होते. आठव्या हिश्शावरून दंडाचे उत्पन्न जवळजवळ चौथ्या हिश्शावर गेले. लक्षात घ्या, हा मागील वर्षी झालेल्या वसुलीचा हिशेब नव्हता. पुढील वर्षीच्या जमेचा अंदाज होता. नागरिकांनी गुन्हा करण्यापूर्वीच त्यांच्या गुन्ह्यांचे उत्पन्न वहीत जमा धरले गेले होते.

याच अहवालात मार्च 2010 मधील एका पत्राचा उल्लेख आहे. शहराच्या अर्थाधिकाऱ्याने पोलीसप्रमुखाला कळविले की, वर्षअखेरीपूर्वी चलने फाडण्याचे प्रमाण बरेच वाढले नाही तर पुढील वर्षी वसुली वाढविणे कठीण जाईल. आणि विक्रीकरात मोठी तूट येण्याचा संभव असल्यामुळे ही बाब क्षुल्लक नाही. वाचकहो, या पत्रावर क्षणभर थांबा. विक्रीकर कमी पडला, म्हणून पोलिसांनी अधिक लोकांना पकडावे! कायदा मोडणाऱ्यांची संख्या किती, हे लोकांच्या वर्तनावरून ठरावयाचे. येथे ते तिजोरीतील तुटीवरून ठरू लागले.

आणि हे चलन कोणाच्या हाती पडत होते? 2012 ते 2014 या काळात लोकसंख्येत 67 टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला वाहने अडविण्याचे 85 टक्के प्रसंग, 90 टक्के चलने आणि 93 टक्के अटका आल्या. अंगणात गवत वाढले तर शेजारच्या एका गावात 5 डॉलर इतका कमी दंड होता. फर्ग्युसनमध्ये तोच 77 ते 102 डॉलर. 2013 या एका वर्षात या लहानशा गावाच्या न्यायालयाने 9 हजारांहून अधिक वॉरंटे काढली, आणि तीही बहुतांशी वाहन उभे करण्याच्या, रहदारीच्या वा घरदुरुस्तीच्या किरकोळ नियमभंगांपायी.

एका स्त्रीची हकीकत त्या अहवालात नाव न देता नोंदविलेली आहे. 2007 साली तिने एकदा नियमाविरुद्ध जागी गाडी उभी केली. तिला दोन चलने आणि 151 डॉलर दंड, शिवाय शुल्क. ती गरीब होती. कधी तारखेस हजर राहू शकली नाही, कधी हप्ता चुकला. प्रत्येक चुकीबद्दल नवा गुन्हा, नवा दंड, नवे वॉरंट. तिला दोनदा अटक झाली. सहा दिवस ती कोठडीत राहिली. एकदा 25 डॉलर आणि एकदा 50 डॉलर असे अंशतः पैसे भरण्याचा तिने प्रयत्न केला, तेव्हा न्यायालयाने ते परत पाठविले. 2014 च्या डिसेंबरापर्यंत तिने 550 डॉलर भरले होते, आणि तरीही तिच्याकडून 541 डॉलर येणे बाकी होते. दीडशे डॉलरच्या दंडापोटी साडेपाचशे भरून पुन्हा साडेपाचशेची थकबाकी! आपल्या खेड्यांतील सावकाराच्या वह्यांत असे हिशेब आपल्या आजोबांनी पाहिले होते. येथे वही सावकाराची नव्हती, न्यायालयाची होती.

येथे मला माझ्या वकिलीच्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग आठवतो. नगरपालिकेच्या खटल्यांचे काम जेथे चाले त्या न्यायालयात मी बसत असे. रस्त्याच्या कडेला भाजी विकणारी एक म्हातारी बाई महिन्यातून एकदोनदा तेथे आणली जाई. दंड भरी, टोपली सोडवून घेई, आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर जाऊन बसे. एकदा ती मला म्हणाली, "वकीलदादा, साहेबास्नी सांगा, रोजची पावती फाडा. मी पैसे देत न्हाई असं न्हाई. पन पावती दिली तर जागा माजी व्हती. दंड दिला की मी चोर व्हते." मी कायद्याच्या महाविद्यालयात करशास्त्रावरील व्याख्याने ऐकली होती, परंतु कर आणि दंड यांतील भेद त्या बाईइतका स्पष्ट मला कोणी सांगितला नव्हता. कर भरणारा मनुष्य त्या गावाचा भागीदार असतो. त्याला हिशेब विचारता येतो. दंड भरणाऱ्याला मान खाली घालून निघून जावे लागते. पैसे दोघांचेही एकाच तिजोरीत जातात. पण एक नागरिक म्हणून जातो आणि दुसरा गुन्हेगार म्हणून.

आता फर्ग्युसनकडे परत येऊ. 9 ऑगस्ट 2014 रोजी त्या गावात मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतर जो प्रक्षोभ झाला तो साऱ्या जगाने पाहिला. न्यायखात्याची चौकशी त्यातूनच आली. 2015 साली मिसुरीच्या विधिमंडळाने कायदा करून रहदारीच्या दंडातून शहराने किती उत्पन्न घ्यावे यावरील मर्यादा 30 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर, आणि सेंट लुईस परगण्यापुरती साडेबारा टक्क्यांवर आणली. परगण्यापुरता केलेला हा वेगळा नियम पुढे 2017 साली तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला; पण 2016 साली दंडाची वाट अरुंद झाली होती हे खरे. दुसरीकडे पोलीस खाते आणि न्यायालय सुधारण्यासाठी संघ सरकारबरोबर तडजोडीचा हुकूमनामा करावयाचा होता, आणि त्याला खर्च येणार होता. 9 फेब्रुवारी 2016 रोजी नगरमंडळाने खर्चाच्या भीतीने मसुद्यात बदल सुचवून सशर्त मान्यता दिली. दुसऱ्याच दिवशी संघ सरकारने शहरावर दावा लावला. 15 मार्च रोजी नगरमंडळाने मुकाट्याने मूळ मसुदा स्वीकारला. पुढे 19 एप्रिल रोजी न्यायालयाने त्यास मंजुरी दिली.

या दोन तारखांच्या मधोमध 5 एप्रिलचा मतदानाचा दिवस येतो. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला: इतकी वर्षे गरिबांकडून दंडाच्या रूपाने, त्यांना न विचारता, जो पैसा घेतला तो आता घेता येत नाही, न्यायाने वागण्याचा खर्च तर करावयाचा आहे, मग तो कोणी द्यावा? शहराला अखेर मतदारांपुढे यावे लागले. मी हा त्या लोकांच्या लढ्याचा विजय मानतो. जे शहर रस्त्यावर अडवून पैसे घेत होते, त्याला आता मतपत्रिकेवर हात जोडून पैसे मागावे लागले.

परंतु विजयाचा हिशेबही तपासला पाहिजे. दोन प्रश्नांपैकी विक्रीकराला साधे बहुमत पुरेसे होते. मिळकतकराच्या वाढीला चार-सप्तमांश मतांची अट होती. ही अट काय करते ते पाहा. सातशे लोकांनी मत दिले असे समजू. विक्रीकर 351 मतांनी मंजूर होतो. मिळकतकर मात्र 399 मते पडूनही नामंजूर होतो, कारण त्याला 400 हवीत. विक्रीकर त्या दिवशी मंजूर झाला. मिळकतकर ही पायरी चढू शकला नाही. एकाच मतपत्रिकेवरील दोन प्रश्नांसाठी कायद्याने दोन वेगवेगळी मापे ठेवली होती.

आणि ही मापे कोणाच्या बाजूला झुकलेली आहेत? उदाहरणापुरते एक कुटुंब घ्या, ज्याची प्राप्ती महिन्याला 2 हजार डॉलर आहे आणि त्यांतील 1 हजार डॉलर दुकानात खर्च होतात. अर्ध्या टक्क्याने ते 5 डॉलर देईल; म्हणजे प्राप्तीच्या पाव टक्का. दुसरे कुटुंब 20 हजार डॉलर मिळविते आणि दुकानात 4 हजार खर्च करते. ते 20 डॉलर देईल. म्हणजे प्राप्तीच्या एक-दशांश टक्का. रक्कम श्रीमंताची अधिक, पण ओझे गरिबाचे अडीचपट. शिवाय मिसुरीत 1997 पासून राज्याचा स्वतःचा विक्रीकर अन्नधान्यावर 1.225 टक्के इतका खाली आणला असला, तरी शहरांचे आणि परगण्यांचे विक्रीकर त्या अन्नावर पूर्ण बसतात. म्हणजे हा अर्धा टक्का पावाच्या आणि दुधाच्या बिलातही येतो.

घरजमिनीची गोष्ट निराळी आहे. फर्ग्युसनच्या हद्दीत त्या काळी एका बलाढ्य उद्योगसमूहाचे मुख्यालय होते. या मुख्यालयाच्या मिळकतीपासून शहराला मिळणारा कर दंडाच्या उत्पन्नाच्या मानाने किती किरकोळ आहे, याकडे 2015 साली वॉल्टर जॉन्सन या इतिहासकाराने लक्ष वेधले होते. जेथे मालमत्ता होती तेथून पैसा येत नव्हता. जेथे मालमत्ता नव्हती तेथून तो पोलिसांकरवी काढला जात होता.

हा विचार आपणांस परका नाही. 1927 साली मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी नेमक्या याच प्रकारच्या अन्यायावर बोट ठेवले होते. प्राप्ती नसेल तर प्राप्तिकर द्यावा लागत नाही; शेतसारा मात्र पीक बुडाले तरी, जमीन तुकडाभर असली तरी, लहानथोर सर्वांवर सारखाच बसतो, हा त्यांचा आक्षेप होता. आपल्या राज्यघटनेच्या मूळ 286 व्या अनुच्छेदातही अशी तरतूद होती की, समाजाच्या जीवनास आवश्यक म्हणून संसदेने जाहीर केलेल्या वस्तूंवर राज्याने विक्रीकर बसविला, तर राष्ट्रपतींच्या अनुमतीशिवाय तो कायदा अमलात येणार नाही. 1956 च्या सहाव्या घटनादुरुस्तीने त्या तरतुदीचे स्वरूप बदलले. तरी तिच्या मुळाशी असलेली जाणीव विसरण्याजोगी नाही: विक्रीकराचा हात गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचतो, म्हणून त्या हातावर कोणाची तरी नजर हवी.

येथे काही आक्षेप येतील, आणि ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, मिळकतकरही गरिबांवर पडतो. कर्ज काढून लहानसे घर घेतलेल्या विधवेला तो जड जातो, आणि घरमालक तो भाड्यात घालून भाडेकरूकडून वसूल करतो. हे खरे आहे. परंतु त्यावर लहान घरांना सूट देणे हा उपाय आहे. मोठ्या मिळकतींनाही वाचविणे हा नव्हे. दुसरा आक्षेप असा की, विक्रीकर बाहेरगावचे गिऱ्हाईकही भरते, म्हणून तो गावाला सोयीचा पडतो. हेही काही अंशी खरे. पण दुकानदारी मंदावली की तोच कर आटतो, आणि मग काय होते ते 2010 च्या त्या पत्राने आपणांस दाखविले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बहुमताच्या जुलमापासून अल्पसंख्याकांचे रक्षण करण्यासाठी वाढीव बहुमताची अट असते, आणि आपण स्वतः अल्पसंख्य असताना तिच्याविरुद्ध कसे बोलावे? माझे उत्तर असे की, संरक्षणाची गरज ज्याला आहे त्याला ते दिले आहे काय, हे प्रथम पाहावे. रस्त्यावर अडविल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयाला या अटीने कोणते रक्षण दिले? त्याच्यावरील दंडाला एका मताचीही जरुरी नव्हती. दंडाला शून्य, विक्रीकराला निम्म्याहून एक अधिक, आणि मिळकतीला चार-सप्तमांश: ही उतरंड नीट पाहा. ज्याच्याजवळ जितके कमी, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तितकी सोपी.

आता आणखी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, आणि ती आपणांस थोडी बोचेल. 2014 साली ज्या गावात दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते, तेथील महापौर गोरा होता आणि सहा नगरसदस्यांपैकी पाच गोरे होते. कायद्याने कोणाचे मत काढून घेतले नव्हते. गावाची निवडणूक एप्रिलमध्ये, मोठ्या निवडणुकांपासून वेगळी होई, आणि तिच्याकडे फार थोडे लोक फिरकत. 2013 च्या निवडणुकीत एकूण मतदान सुमारे 12 टक्केच झाले होते. एप्रिल 2015 मध्ये ते सुमारे 30 टक्क्यांवर गेले, आणि सहा जागांपैकी तीन कृष्णवर्णीयांकडे आल्या. त्या वेळी निवडून आलेल्या एला जोन्स 2 जून 2020 रोजी त्या शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर झाल्या. जी माणसे निवडणुकीच्या दिवशी घरी बसली होती, त्यांच्या घरी चलने येत राहिली. ती बाहेर पडली तेव्हा नगरमंडळ बदलले. मताधिकार मिळविण्यास एका पिढीचे रक्त लागते, आणि तो गमावण्यास एका दुपारचा आळस पुरतो.

आपल्याकडे काय आहे? आपल्या देशात कराच्या प्रश्नावर मतदारांचा असा थेट कौल घेतला जात नाही. राज्यघटनेच्या 265 व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या 243 भ या अनुच्छेदान्वये नगरपालिकांना कर बसविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळ देते. महाराष्ट्रातील शहरांचा एके काळी जकातीवर मोठा आधार होता. मुंबईतील जकात 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली, आणि तिच्या जागी राज्य शासनाकडून भरपाई मिळू लागली. म्हणजे शहराच्या तिजोरीवरील निर्णयाचा एक मोठा भाग शहरातून बाहेर गेला. अशा स्थितीत नगरपालिकेच्या हाती स्वतःच्या उत्पन्नाची जी साधने उरतात, त्यांत घरपट्टी, पाणीपट्टी, शुल्के आणि दंड हीच डोळ्यांपुढे येतात. फर्ग्युसनची हकीकत मी आपणांस सांगितली ती याच कारणासाठी. ज्या नगरपालिकेला घरपट्टी वाढविण्याचे धैर्य होत नाही, तिला टोपली उचलण्याचा मोह होतो.

म्हणून मी आपणांस तीन प्रश्न पाठ करावयास सांगतो. तुमच्या गावाचे अंदाजपत्रक प्रसिद्ध झाले की ते मिळवा, आणि विचारा. पहिला प्रश्न: हा पैसा कोण देतो? घरपट्टीतून किती, शुल्कांतून किती, दंडातून किती, आणि गेल्या पाच वर्षांत कोणता आकडा वाढला? दुसरा प्रश्न: हे कोणी ठरविले? सभेत चर्चा झाली काय, हरकती मागविल्या काय, की एखाद्या परिपत्रकाने काम भागविले? तिसरा प्रश्न: हा पैसा कोणाच्या वस्तीत खर्च होतो? दंड आपल्या वस्तीतून आणि पदपथ दुसऱ्यांच्या वस्तीत, असे तर नाही ना? करआकारणीच्या यादीवर हरकती घेण्याची मुदत असते. त्या मुदतीत आपल्या वस्तीतून एकही अर्ज जात नाही, हा अनुभव मी किती वेळा घेतला आहे! मोर्चाला आपण हजारांनी जमतो. हरकतीच्या खिडकीवर एकटा कारकून माशा मारीत बसलेला असतो.

'कर नको' अशी घोषणा करण्याचा मी सल्ला देत नाही. ती घोषणा मालमत्तावाल्यांची आहे. ज्याला स्वतःचा दवाखाना, स्वतःची विहीर, स्वतःचा पहारेकरी आणि मुलांसाठी खाजगी शाळा परवडते, त्याला कर नकोच असतो. आपणांस नगरपालिकेची शाळा हवी आहे, नळाचे पाणी हवे आहे, दिवे हवे आहेत, गटारात उतरणाऱ्या माणसाऐवजी यंत्र हवे आहे. हे सर्व कराशिवाय येत नाही. म्हणून आपण कर मागितला पाहिजे. पण तो ऐपतीप्रमाणे बसविलेला, सभेत मंजूर झालेला आणि हिशेब दिलेला असला पाहिजे.

फर्ग्युसनच्या गरीब मतदाराने त्या दिवशी आपल्याच भाकरीवर अर्धा टक्का कर मान्य केला. त्याने तसे का केले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, त्याच्यापुढे जे दोन रस्ते होते, त्यांत पोलिसाने अडवून घेतलेल्या पैशापेक्षा विचारून घेतलेला पैसा त्याला कमी जाचक वाटला असावा. त्या भाजीवाल्या बाईचेही म्हणणे हेच होते. 'पावती फाडा,' असे ती म्हणत होती. तिचे मागणे लहान होते. पण त्यात नागरिकत्वाची सारी मागणी सामावलेली होती. ते मागणे पुरे करावयाचे असेल, तर पावती देणाऱ्याला 'तू मिळकतवाल्याकडून किती घेतलेस?' असे विचारणारा माणूस प्रत्येक वस्तीत उभा राहिला पाहिजे. वाचकहो, तो माणूस आपण व्हा.